झेनियाताईची तिपाई

माझे पाय आधीच कामातून गेलेले आहेत. एकतीस वर्षं लुब्लिनच्या रस्त्यांवर ट्रॉलीबस चालवली. त्यात कंबर गेली, गुडघे गेले, आणि जो काही गोड स्वभाव होता म्हणतात तोही गेला. निवृत्त झाले तेव्हा मी एकच पथ्य ठरवलं, जिथे रांग असेल तिथे जायचं नाही. पोस्टात रांग दिसली की मी परत फिरते. दवाखान्यात रांग दिसली की मला आपोआप बरं वाटायला लागतं. अशा बाईला नोव्हेंबरातल्या रविवारी, सकाळी आठ वाजता, पावसाच्या बुरबुरीत एका चित्रप्रदर्शनाच्या दाराशी नेऊन उभं केलं ते झेनियाताईनं. दुसरं कोणी बोलवायला आलं असतं तर जिन्यावरूनच वाटेला लावलं असतं.

झेनियाताई आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहते. ब्याऐंशी वर्षांची आहे. लग्न केलं नाही. तरुणपणी टोप्यांच्या कारखान्यात होती, तिथे डाव्या हाताची दोन बोटं यंत्रात गेली आणि चिमूटभर पेन्शन हातात आली. मग तिनं जो धंदा धरला तो आजच्या पोरांना सांगितला तर खोटा वाटेल. ती दुसऱ्यांसाठी रांगेत उभी राहायची. दुकानांच्या फळ्या रिकाम्या असायच्या ते दिवस. मांस आलं तर आलं, बूट आले तर आले, आणि फ्रिजसाठी तर माणसं आठवडा आठवडा नंबर धरून असायची. नोकरदारांना उभं राहायला वेळ नव्हता, म्हणून त्यांच्या वतीनं झेनियाताई उभी राहायची.

साधं काम समजू नका. रांग एकदा मोठी झाली की कोणीतरी वही काढायचं. नाव लिहायचं, नंबर द्यायचा, दर दोन तासांनी हजेरी. हजेरीला नसलात तर नावावर काट. आमच्या भागात ती वही बहुतेक वेळा झेनियाताईच्या हातात असायची, कारण तिला ना लाच चालायची ना रडगाणं. एकदा नगरपालिकेतल्या साहेबाच्या बायकोचं नाव तिनं तोंडावर खोडलं होतं. "साहेबांच्या घरी हजेरी घेतेस का तू?" असं ती बाई फणकाऱ्यानं म्हणाली, तर ही म्हणाली, "साहेब रांगेत आले तर त्यांचीही घेईन."

आणि तिची ती तिपाई. मासे धरायला बसणाऱ्यांची असते तशी घडीची, वर निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड. पाय मोकळे करायला जायचं असलं की ती आपल्या जागी तिपाई मांडून जायची. मग ती तिपाई म्हणजे झेनियाताई. तिला कोणी हलवायचं नाही. आणि तिच्यावर कोणी बसायचंही नाही, हेही तितकंच कडक, कारण जो बसला त्याची ती जागा झाली. गेलेल्याची गेली. असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

माझा थोरला तान्हा असताना मला दूध येत नव्हतं आणि डब्यातली पावडर शहरात मिळत नव्हती. ताई तीन दिवस उभी राहिली. दोन डबे आणले, माझ्या टेबलावर ठेवले, आणि मी काही द्यायला गेले तर म्हणाली, "पोराच्या तोंडातलं घेत नाही मी." म्हणून सांगते, या बाईला मला नाही म्हणता येत नाही.

पुढे राज्य बदललं, दुकानं भरली. सगळे आनंदात आणि ही एकटी सुतकात. पहिल्यांदा हॅम घ्यायला गेली तेव्हा मी बरोबर होते. काउंटरपुढे कोणी म्हणजे कोणी नाही. ही दारातच थबकली, इकडेतिकडे बघून म्हणाली, "शेवटचं कोण?" दुकानदारीण हसली. ताई हसली नाही.

तर गेल्या गुरुवारी दुपारी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. चहा झाला, केक झाला, हवापाणी झालं, माझ्या सुनेची उणीदुणी काढून झाली. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातली ही नव्हे, म्हणून मला आश्चर्यच वाटलं.

"काय ते बोल ना एकदाचं," मी म्हटलं.

तिनं पिशवीतून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. पिठाच्या जुन्या गिरणीत जे नवं संग्रहालय झालंय, तिथे पावलिक नावाच्या चित्रकाराचं प्रदर्शन लागलं होतं. माणूस आमच्याच गावचा, पुढे परदेशी गेला, तिथेच वारला. चित्रं पहिल्यांदाच इकडे आली होती. रविवार शेवटचा दिवस, आणि शेवटचा म्हणून प्रवेश फुकट.

"हा पावलिक माझं गिऱ्हाईक होता," ताई म्हणाली. "त्याच्या सिगारेटींसाठी उभी राहायचे मी. त्याची खिडकी मांसाच्या दुकानासमोर होती. लुशा त्याच्या चित्रात आहे."

लुशा म्हणजे तिची धाकटी बहीण. मी तिला पाहिलेलं नाही, मी या इमारतीत राहायला यायच्या आधीच ती गेली. लष्करी कायदा लागून रस्त्यांवर रणगाडे उभे होते त्या हिवाळ्यात. न्यूमोनियानं गेली एवढंच मला माहीत होतं.

उरलेलं ताईनं त्या दिवशी सांगितलं. एकेचाळीस की बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. जानेवारी होता, दोघी बहिणी पहाटेपासून मांसाच्या रांगेत. लुशाच्या बुटाचा तळ फाटलेला, आत वर्तमानपत्र कोंबलेलं. आठच्या सुमाराला रांगेत कुजबुज आली, स्टेशनाजवळच्या दुकानात बायकांचे बूट उतरलेत. ताईनं आपल्या जागी तिपाई मांडली, "जागा ठेव माझी, तासाभरात येते" म्हणाली आणि धावली. तासाचे तीन तास झाले. ती निघाली तेव्हापासूनच बर्फ पडत होता. बूट मिळाले, तपकिरी, एक नंबर मोठे. परत येते तो मांसाचं दुकान बंद, रांग गेलेली, लुशा घरी जाऊन पांघरुणात. तोंड भिंतीकडे. ताईनं बूट दाखवले, तिनं वळूनही पाहिलं नाही.

"एक शब्द नाही बोलली गं. दुसऱ्या दिवशी ताप चढला, मग तर बोलण्यासारखी उरलीच नाही. दहाव्या दिवशी गेली. बूट तिला शवपेटीतच घातले." ताईनं कप बशीत सरळ केला. "ती माझ्यावर रागावली होती का, की तेव्हाच ताप होता अंगात? एवढंच कळायला हवं मला. पावलिक महिन्याभरानं भेटला तेव्हा म्हणाला, त्या सकाळचं चित्र काढलंय, तुमची बहीण आहे त्यात. प्रदर्शन लागलं की बघा. आणि मग मेला पळूनच गेला देशातून."

मी म्हटलं, नातीला सांगते, फोनवर चित्र मिळेल. ताई म्हणाली, तुझ्या नातीलाच शोधायला लावलं होतं, पण चित्र ज्याच्या मालकीचं आहे तो ते कुठे छापू देत नाही की त्याचा फोटो काढू देत नाही. जाऊनच बघायचं.

"फक्त तोंड बघायचंय तिचं," ती म्हणाली. "लुशा रागावली की खालचा ओठ आत ओढायची. लहानपणापासून. ते दिसलं की मला कळेल."

आता यावर मी काय बोलणार? कपाळ. रविवारी आठला गिरणीच्या दाराशी हजर झालो.

दार दहाला उघडणार होतं आणि आमच्याआधी तिथे चिटपाखरू नव्हतं. ताई खूश. बगलेतून तिपाई काढून दाराला लावून मांडली. ही नवी तिपाई, बाजारातली, हिरवी. जुनी कधीच मोडली. हळूहळू माणसं यायला लागली, सगळी आमच्याच वयाची, टोप्या, छत्र्या, थर्मास. आणि साडेआठला ताईनं कोटाच्या खिशातून वही काढली.

"ताई, नको," मी म्हटलं.

"का नको? पाऊस पडतोय. दीड तास काय म्हणून भिजायचं लोकांनी?"

आणि काय सांगू, लोकांचे चेहरे असे उजळले जणू हरवलेलं माणूस भेटलं. एकाही म्हाताऱ्यानं विचारलं नाही की ही वही कसली. एकामागून एक येऊन नाव सांगायला लागले, नंबर घ्यायला लागले. ताई एक, मी दोन. मिशीवाले एक निवृत्त गृहस्थ सतरा. ते तर नंबर मिळाल्यावर टाचा जुळवून उभे राहिले. नऊपर्यंत त्रेचाळीस नावं झाली.

"हजेरी पावणेदहाला," ताईनं जाहीर केलं. आवाजात जुनी धार आली होती. "तोवर जागा तिपाई धरेल. जा, गरम काहीतरी खा."

आणि आम्ही त्रेचाळीस शहाणी माणसं, वयाची बेरीज केली तर तीन हजार वर्षं भरतील, दारात एक तिपाई ठेवून रस्त्यापलीकडच्या स्वस्त खाणावळीत गेलो! मी बीटाचं आंबट सूप प्यायले, बटाट्याचं सारण भरलेले पिएरोगी खाल्ले. सतरा नंबरनं ताईच्या हाताचं चुंबन घेऊन सांगितलं की इतकी सुरेख व्यवस्था त्यांनी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. ताई लाजली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पावणेदहाला बाहेर आलो तर दारापाशी पाच-सहाशे माणसं. जास्तच असतील. तरुण जोडपी, पोरं खांद्यावर घेतलेले बाप, कॉफीचे कागदी पेले. आणि तिपाईचा पत्ता नाही.

ताई गर्दीतून वाट काढत दाराशी गेली, मी मागोमाग, आमच्यामागे एक्केचाळीस जण. दारात रखवालदार होता, पन्नाशीचा, जाडगेला, छातीवर वॉकीटॉकी.

"माझी तिपाई कुठेय?" ताई म्हणाली.

"ती तुमची होय? बेवारस वस्तू म्हणून उचलली, आजी. नियम आहे. मालक दिसला नाही तर हलवावी लागते."

"बेवारस?" ताईनं वही उघडून त्याच्या नाकापुढे धरली. "आमचे नंबर आहेत. मी एक. ही दोन. त्रेचाळीसपर्यंत."

"कसले नंबर?"

"यादीतले."

"कुणाची यादी?"

"रांगेची!"

रखवालदारानं वहीकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं. "आजी, रांग ही इथे उभी आहे ती. वहीत कधी रांग असते का?"

"तुझ्या आईला विचार," मी म्हटलं. मला राहवेना. "तू तान्हा असताना तुझी दुपटी अशाच वहीतून आली असतील."

तेवढ्यात पुढच्यांपैकी एक बाई ओरडली, "तुम्ही इथे नव्हता!" आणि मग सगळेच ओरडायला लागले. नव्हता, नव्हता, मागे जा. हे वाक्य मी किती वर्षांनी ऐकलं. तेव्हा ते आम्ही घुसखोरांना म्हणायचो, आणि तेव्हा ताई वही उघडून दाखवायची की सगळे गप्प बसायचे. आता ती वही उघडून उभी होती आणि कोणी तिच्यात डोकावतही नव्हतं. एक मुलगी मात्र कळवळून म्हणाली, "काकू, वेबसाइटवर वेळ घेता येत होती, महिनाभर. फुकट."

"वेबसाइटवर उभं कोण राहतं?" ताईनं विचारलं.

मग आमचे एक्केचाळीस जण फिरले ते तिच्यावरच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सतरा नंबर, तेच हातावर ओठ टेकवणारे, म्हणाले, "बाई, तुमच्या नादी लागलो आणि दारातली जागा घालवली. घरी नातवंडांत बसलो असतो."

"सूप पिताना बरं नातवंडं आठवली नाहीत," मी म्हटलं.

ताईनं वही मिटली, खिशात घातली आणि रांगेच्या शेवटाकडे चालायला लागली. शेवट होता गिरणीला वळसा घालून, टायरवाल्याच्या दुकानापाशी. निम्मे लोक तिथूनच घरी गेले.

पुढचे सहा तास काय सांगायचे? सांगण्यासारखं काही नसतं रांगेत. पन्नास माणसं आत सोडायचे, अर्धा तास थांबायचे. आम्ही आठ पावलं सरकायचो. पाऊस थांबायचा, पुन्हा लागायचा. टायरवाल्याच्या भिंतीवर एकूण बारा जाहिराती होत्या, मला पाठ झाल्या. अकराला माझा डावा गुडघा दुखायला लागला, बाराला उजवा, आणि एकनंतर काय दुखतंय हे वेगळं कळेना. बाराला बातमी आली की आतली लिफ्ट गर्दीनं बंद पडली. पिशवीत एक ब्रेडरोल होता तो आम्ही दोघींनी अर्धा अर्धा खाल्ला.

ताई मात्र उभी. पाय जरा फाकलेले, वजन कधी या पायावर कधी त्या, हात बाह्यांत. कशालाही न टेकता. उभं राहणं हीसुद्धा कारागिरी असते, ते तिच्याकडे बघून कळावं. पण ओठ निळे पडले होते आणि दोनच्या पुढे ती माझ्या बोलण्याला नुसती हुंकार द्यायला लागली.

तीन वाजता माझं डोकं फिरलं. "बास!" मी म्हटलं. "मी चालले घरी. आणि तूही चल. मेलेल्या माणसाचा ओठ बघायला जिवंत माणसानं मरायचं का? रागावली असेल तर असेल! माझी आई माझ्यावर रागावलेलीच गेली, मी काय सुकले का?"

बोलले आणि जीभ चावली. पण मागे कसं घ्यायचं, म्हणून तशीच ताडताड निघाले. ताईनं अडवलं नाही. मागून एवढंच म्हणाली, "जा, बसून ये कुठेतरी. तुझी जागा ठेवते मी."

टायरवाल्याच्या दारापर्यंत गेले असेन. मग फिरले आणि मुकाट्यानं येऊन तिच्यापुढे उभी राहिले. तिनं माझ्या कॉलरवरचं पाणी झटकलं.

चार वीसला दार दिसलं. रखवालदार बोटानं माणसं मोजत होता. आमच्यापर्यंत आला आणि बोट थांबलं.

"एकच," तो म्हणाला. "शेवटचा माणूस. साडेचारनंतर सोडता येत नाही, पाचला बंद." मग ताईकडे बघून त्याचा आवाज खाली आला. "आजी, लिफ्ट बंद आहे. तिसऱ्या मजल्यावर आहे सगळं. जमेल?"

ताईनं जिन्याकडे पाहिलं. लोखंडी, गिरणीचा जुना जिना, उभाच्या उभा. ती एक पायरी चढली. कठडा धरला. दुसरी चढली. तिथेच थांबली. मला तिची पाठ दिसत होती, आणि ती कशी वर-खाली होत होती तेही दिसत होतं.

"मला अर्धा तास लागेल वर जायला," ती म्हणाली. "पोचेन तेव्हा दिवे मालवत असतील." वळली. "रेगिना, तू जा."

"मी? मला काय करायचंय ते चित्र?"

"माझ्यासाठी जा. आयुष्यभर लोकांसाठी उभी राहिले, माझ्यासाठी एकदा कोणीतरी जाऊ दे." मग माझी बाही घट्ट धरली, तीन बोटांच्या हातानं. "मांसाचं दुकान. जानेवारी लिहिलं असेल खाली. करड्या रुमालातली, ठेंगणी. तोंडाकडे नीट बघ. ओठ बघ. आणि मला खोटं सांगू नकोस, मला कळतं."

गेले. कशी गेले ते माझे गुडघे आणि तो देव जाणे. वर पहिल्या दालनात माणूस माणसाला चिकटलेला, दुसऱ्यात तेच. भिंती दिसतच नव्हत्या, नुसत्या पाठी. ओले कोट, पिशव्या, टोप्या. तिसऱ्या दालनात शेवटच्या भिंतीशी लहानसं चित्र होतं आणि त्याच्यापुढे चार थरांची गर्दी. बस चालवताना शिकलेलं सगळं मी तिथे वापरलं, कोपरं, आवाज, बूट. "चेंगरतंय, चेंगरतंय, हार्टची पेशंट आहे" असं ओरडत मी पुढे घुसले. सापडलं. खाली लिहिलेलं, जानेवारी.

आणि त्यात एकही तोंड नव्हतं.

वरून काढलेलं चित्र, खिडकीतून. तिरका बर्फ पडतोय, भिंतीला लागून रांग, आणि सगळे पाठमोरे. टोप्या, रुमाल, वाकलेले खांदे, खांद्यांवर बर्फ. मी एकेक करून मोजले, एकोणतीस माणसं. एकाचंही तोंड वळलेलं नाही. मला इतका संताप आला! म्हटलं, मेल्या पावलिक, एक नाक काढलं असतंस तर तुझा रंग संपला असता का? करड्या रुमालातली ठेंगणी बाई सापडली. तिला मी डोळे फाडून पाहून घेतलं, जेवढी होती तेवढी. मागून धक्का आला, घंटा वाजली, आणि "चला, चला, बंद होतंय" सुरू झालं.

जिना उतरताना ठरवलं होतं, सांगावं खोटं. हसत होती म्हणावं. काय जातं? पण खाली आले तर रखवालदारानं कुठून तरी हिरवी तिपाई आणून दिली होती. आडोशाला, कट्ट्याजवळ, ताई तिच्यावर गुडघे जुळवून बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. नगरपालिकेच्या साहेबाच्या बायकोकडे तिनं असंच पाहिलं असणार.

"तोंड नाही दिसत, ताई," मी म्हटलं. "सगळ्यांच्या पाठी आहेत."

"सगळ्यांच्या?"

"एकूण एक."

रखवालदार दाराच्या साखळ्या लावत होता. ताई हातमोज्यांकडे बघत बसली, आणि मला वाटलं, आता ही इथेच कोसळते की काय.

"मग ती आहे हे कशावरून?" ती म्हणाली.

"करडा रुमाल होता. आणि एक टाच बुटाबाहेर काढलेली."

"उजवी?"

"उजवी."

"तीच," ताई म्हणाली. "तो बूट चावायचा तिला, ओला झाला की. हात कुठे होते?"

"एक खिशात. दुसरा मागे."

"मागे कुठे?"

मी आठवून पाहिलं. "तिच्यामागे जागा मोकळी होती गं, एका माणसाएवढी. तिथे तिपाई होती, तुझी ती निळ्या पट्ट्यांची. हात तिच्यावर होता."

"तिपाईवर बर्फ होता?"

"अं?"

"बर्फ पडत होता म्हणालीस. तिपाईवर साचला होता का?"

मी डोळे मिटले. टोप्यांवर बर्फ होता. खांद्यांवर होता, रुमालावर तर लपेटल्यासारखा होता. सगळं चित्र पांढरं-करडं, आणि मधोमध त्या निळ्या पट्ट्या लख्ख. त्यामुळेच तर मला ती बाई लवकर सापडली होती.

"नाही," मी म्हटलं. "साफ होती. हात असा होता, पुसत असल्यासारखा."

"नीट आठव, रेगिना."

"नव्हता म्हणते ना बर्फ! कणसुद्धा नव्हता."

ताईनं तोंडावर हात नेला. तीन तास, ती म्हणाली, तीन तास पुसत राहिली. फाटक्या बुटात. शेजारी तिपाई, आणि ही उभी. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिनं झटकला.

"बसायचं ना गं, वेडे," ती म्हणाली. "बसायचं होतंस ना. गेली असती जागा तर गेली असती."

माझ्याशी बोलत नव्हती ती. मी जरा बाजूला जाऊन उभी राहिले.

समोरच्या थांब्यावर आमची ट्रॉलीबस आली, दार उघडून थांबली आणि गेली. मग पुढची आली. तीही आम्ही सोडली.